मैत्रीच्या परिघात आपणही : वार्धक्य आणि स्वतःविषयीची करुणा

श्रावस्तीच्या पूर्वारामात, मृगारमातेच्या प्रासादात तथागतांचा निवास होता. एके दिवशी सायंकाळी ध्यानातून उठून ते पश्चिमेच्या उन्हात पाठ शेकत बसले होते. आनंद जवळ आले, त्यांनी वंदन केले आणि तथागतांचे अंग चेपता चेपता जे दिसले ते सरळ बोलून दाखविले. त्वचेची कांती पूर्वीसारखी राहिलेली नाही, गात्रे सैल पडली आहेत, अंगावर सुरकुत्या आल्या आहेत, देह पुढे झुकला आहे. तथागतांनी यांतील एकही गोष्ट नाकारली नाही. तारुण्यातच जरा, आरोग्यातच व्याधी आणि जीवितातच मरण वसत असते, असे सांगून त्यांनी आनंदांच्या बोलण्याला दुजोराच दिला. संयुत्तनिकायातील जरासुत्तात हा प्रसंग आला आहे.

कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात शाक्यांसमोर आणि पुढे पावा येथे मल्लांच्या सभागृहात, पाठ दुखत असल्यामुळे तथागतांनी पुढील उपदेश अनुक्रमे आनंद आणि सारिपुत्त यांच्यावर सोपविला आणि स्वतः विसावा घेतला, असेही त्रिपिटक सांगते. सम्यक् संबुद्धाला आपली पाठ दुखते हे सांगताना कमीपणा वाटला नाही. मग आपल्या विहारातील पंचाहत्तर वर्षांच्या उपासकाला खुर्ची मागताना कमीपणा का वाटावा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा, आणि त्यावर धम्मात असलेल्या उपायाचा विचार करावयाचा आहे.

राबलेल्या पिढीचे वार्धक्य

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आईबापांचे बोट धरून जी दहा-बारा वर्षांची मुले आली होती, ती आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या मागोमागची पिढी १९७२ नंतरच्या पँथरच्या काळात तरुण होती. १९८२ चा गिरणी संप तिने पोटावर सोसला. १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत चाललेला नामांतराचा लढा तिने पाहिला आणि अनेकांनी तो अंगावर घेतला. गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेच्या सफाई खात्यात, परक्याच्या शेतात राबून या माणसांनी मुलांना शिकविले. वेळप्रसंगी स्वतः अर्धपोटी राहून वह्या-पुस्तके आणली.

या पिढीने स्वतःशी कठोर राहण्याचे वळण लावून घेतले. ते त्या काळाला आवश्यकही होते. ज्या समाजाने आपल्याला हीन ठरविले, त्याच्यापुढे थकवा दाखविणे म्हणजे हार पत्करणे होते. परंतु उमेदीच्या वयात शत्रूकडे रोखलेली ही कठोरता उतारवयात आतल्या दिशेने वळते. हात चालेनासे झाले की मनच माणसाची उलटतपासणी घेऊ लागते. "आता माझा काय उपयोग?" "मुलांवर ओझे झालो." "चळवळीसाठी आणखी करावयास हवे होते." "मी वेळेवर दवाखान्यात नेले असते, तर ते आणखी दहा वर्षे जगले असते." ही वाक्ये आपण घराघरांतून ऐकतो आणि म्हातारपणाचे बोलणे म्हणून सोडून देतो.

एक उदाहरण घेऊ. तीस वर्षे ज्या उपासिकेने विहारात वंदना सांगितली, ती एका पौर्णिमेला मधल्याच ओळीवर अडखळते. मागून कुणीतरी ती ओळ पूर्ण करते. कुणी हसत नाही, कुणी काही बोलत नाही. तरीही पुढच्या आठवड्यापासून ती घरीच बसते. विचारले तर गुडघे दुखतात म्हणून सांगते. गुडघे दुखतात हे खरेच असते. पण ते आधीही दुखत होते. असा प्रसंग कोणत्याही विहारात घडू शकतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

लक्षात न येण्याचे प्रमाण किती मोठे असू शकते, याची कल्पना एका पाहणीवरून येते. वार्धक्याविषयीच्या राष्ट्रीय दीर्घकालीन अभ्यासाची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली आणि तिचा अहवाल केंद्र सरकारने २०२१ साली प्रसिद्ध केला. साठ वर्षांवरील सुमारे ८ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्य संभवते, असे त्यात आढळले. उलट, आपल्याला नैराश्याचे निदान झाले आहे, असे सांगणारे १ टक्काही नव्हते.

'स्व' म्हणजे आत्मा नव्हे

या अवस्थेवर आधुनिक मानसशास्त्रात जो उपाय शिकविला जातो, त्याला मराठीत कुणी 'आत्मकरुणा' म्हणतात. बौद्ध वाचकाला हा शब्द खटकणे स्वाभाविक आहे. आत्म्याचे अस्तित्वच जेथे नाकारले, तेथे आत्मकरुणा कुणाची? म्हणून येथे 'स्वतःविषयीची करुणा' किंवा 'स्वमैत्री' हे शब्द योजले आहेत. पालीतील 'अत्त' हा शब्द अनेक ठिकाणी केवळ 'स्वतः' या सर्वनामाचे काम करतो. त्यातून नित्य आत्मा सिद्ध होत नाही. दुःख आहे, ते शमविले पाहिजे, एवढे करुणेला पुरेसे आहे. ते शेजाऱ्याच्या देहात आहे की या देहात, याने तिच्या कर्तव्यात फरक पडत नाही.

दुसरी शंका अशी, की स्वतःवर प्रेम करणे म्हणजे अहंकार पोसणे नव्हे काय? याचे उत्तर बौद्ध मानसशास्त्रातील 'मान' या संकल्पनेत आहे. मान तीन प्रकारचा सांगितला आहे : मी इतरांहून श्रेष्ठ आहे हा मान, मी त्यांच्या बरोबरीचा आहे हा मान आणि मी त्यांच्याहून हीन आहे हाही मानच. स्वतःला सतत तुच्छ लेखणे ही नम्रता नसून तुलनेचेच दुसरे टोक आहे, हे फार मार्मिक निरीक्षण आहे. आपल्या समाजाच्या संदर्भात त्याला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. हीनतेचा हा स्वर आपल्या मनात उपजला नव्हता. शतकानुशतके तो बाहेरून कानांवर आदळत आला. धम्मदीक्षेने बाहेरचा स्वर झुगारण्याचे बळ दिले. उतारवयात तोच स्वर स्वतःच्या आवाजात बोलू लागला, तर त्यालाही ओळखून नकार देणे, हे त्याच दीक्षेचे उरलेले काम होय.

मैत्रीचा आरंभ कोठे?

आपण मैत्रीभावना बहुधा बाहेर जाणारी मानतो. इ. स. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात मैत्रीभावनेचा क्रम सांगताना आरंभ मात्र स्वतःपासून केला आहे. साधकाने प्रथम स्वतःच्या सुखाची व निर्वैरतेची कामना करावी, मग पूज्य व उपकारकर्त्या व्यक्तीची, मग प्रिय मित्राची, मग तटस्थ व्यक्तीची आणि शेवटी वैऱ्याची. स्वतःला प्रथम का घ्यावे, याचे कारणही ते देतात. येथे 'स्व' हा साक्षीदार आहे. जसे मला सुख हवे आणि दुःख नको, तसेच सर्व प्राण्यांना, ही प्रतीती स्वतःवरूनच येते. केवळ स्वतःपुरतीच मैत्री शंभर वर्षे भाविली तरी तीतून समाधी साधणार नाही, असेही ते बजावतात. म्हणजे 'स्व' हा मैत्रीचा उंबरठा आहे, मुक्काम नव्हे.

याच संदर्भात बुद्धघोष कोसलराज प्रसेनजित आणि राणी मल्लिका यांच्या प्रसंगातील बुद्धवचनाचा आधार घेतात. तुला स्वतःहून प्रिय असे कोणी आहे काय, असे राजाने विचारले. मल्लिकेने नाही असे प्रांजळपणे सांगितले. राजाचेही उत्तर तेच होते. तथागतांनी दोघांनाही दोष दिला नाही. प्रत्येकाला आपण प्रिय असतो, म्हणूनच ज्याला स्वतःचे हित कळते त्याने दुसऱ्याला दुखवू नये, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांत भेद केला आहे. करुणा मनुष्यमात्रापुरती आहे, तर मैत्री सर्व प्राणिमात्रांना कवेत घेते. आता एक साधा हिशेब करावा. सर्व प्राणिमात्रांत जर मुंगी येते, परका येतो, वैरीही येतो, तर मैत्री भावणारी ती थकलेली उपासिका एकटीच बाहेर कशी राहील?

करुणेचे दोन शत्रूही विसुद्धिमग्गात सांगितले आहेत. दूरचा शत्रू विहिंसा, म्हणजे क्रौर्य. जवळचा शत्रू म्हणजे संसारातील आसक्तीतून येणारा शोक. तो करुणेसारखा दिसतो, पण करुणा नसतो. स्वतःच्या बाबतीत हे विवेचन तंतोतंत लागू पडते. स्वतःला टोचून बोलणे ही विहिंसा. 'माझ्याच वाट्याला हे का' म्हणून कुढत बसणे हा जवळचा शत्रू. स्वमैत्रीची वाट या दोहोंच्या मधून जाते.

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली या संकल्पनेची शास्त्रीय मांडणी केली. बौद्ध ध्यानपरंपरेतून ती आपल्याला सुचली, हे त्या स्पष्टपणे सांगतात. त्यांनी तिची तीन अंगे मानली आहेत : स्वतःशी मृदुतेने वागणे, आपले दुःख मनुष्यमात्राच्या दुःखाचा भाग आहे हे जाणणे, आणि दुःखाकडे सजगतेने पाहणे. ही तिन्ही आपल्या परिचयाची आहेत. पहिले अंग मैत्री होय. दुसरे अंगुत्तरनिकायातील नित्य चिंतनाच्या पाच विषयांत येते. जरा-व्याधी-मरण केवळ मलाच नसून सर्वांनाच आहेत, असे चिंतन तेथे सांगितले आहे. तिसरे म्हणजे स्मृती. सल्लसुत्तातील दोन बाणांचा दृष्टांत तिचे कार्य स्पष्ट करतो. देहाची वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेवर मनाने केलेला आकांत हा दुसरा. पहिला बाण वार्धक्यात कुणालाच चुकत नाही. शिकवावयाचे आहे ते दुसऱ्याविषयी.

ज्येष्ठांवर या विषयाचे संशोधनही झाले आहे. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की प्रकृती बरी नसतानाही ज्यांच्या ठायी स्वतःविषयी करुणा अधिक होती, त्यांचे मनःस्वास्थ्य तुलनेने चांगले होते. काठी वापरणे, समोरच्याला पुन्हा बोलावयास सांगणे, अशा गोष्टींचा त्यांना त्रास कमी वाटे. ऑस्ट्रेलियात पासष्ट वर्षांवरील १८५ व्यक्तींच्या २०१३ सालच्या अभ्यासातही स्वतःविषयीची करुणा आणि जीवन अर्थपूर्ण वाटणे यांचा संबंध आढळला. असे अभ्यास दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच दाखवितात. एकीमुळे दुसरी झाली, हे सिद्ध करीत नाहीत. तरीही दिशा पुरेशी स्पष्ट आहे.

पश्चात्ताप आणि पूर्वकर्म

उतारवयातील सर्वांत जड ओझे पश्चात्तापाचे असते. त्याचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात.

पहिला प्रकार, ज्यात वस्तुतः अपराध नसतो. कर्मारपुत्र चुंदाच्या घरी तथागतांनी अखेरचे भोजन घेतले आणि त्यानंतर ते तीव्र आजारी पडले. आपल्या अन्नामुळे हे घडले, या विचाराने चुंदाला आयुष्यभर पोळत राहावे लागेल, हे तथागतांनी मृत्युशय्येजवळ असताना ओळखले. चुंदाच्या मनातील हा पश्चात्ताप दूर करावा, त्याचे दान महान फलदायी होते असे त्याला सांगावे, ही सूचना त्यांनी आनंदांना केली. वेळेवर दवाखान्यात नेले नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या प्रत्येक वृद्धेला ही कथा सांगितली पाहिजे. जे त्या वेळी ठाऊक नव्हते, त्याचा जाब आज स्वतःला विचारता येत नाही.

दुसरा प्रकार, ज्यात खरोखरच चूक झालेली असते. कुणी दारूपायी घर उद्ध्वस्त केले असेल, कुणी बायकोवर हात उगारला असेल. येथे खोटे सांत्वन कामाचे नाही. नालंदा येथे असिबंधकपुत्र या ग्रामप्रमुखाला तथागतांनी जे सांगितले, ते येथे मार्गदर्शक आहे. चूक ती चूकच, हे मान्य करावे; परंतु केवळ जळत राहिल्याने केलेले कर्म न केलेले होत नाही, हेही जाणावे; ते कर्म सोडावे, पुन्हा करू नये आणि मैत्रीने चित्त व्यापक करावे. सत्तरीतील माणूसही पत्नीची क्षमा मागू शकतो, सुनेशी नीट बोलू शकतो. स्वमैत्री जबाबदारी टाळावयास शिकवीत नाही. ज्याचे मन अपराधाच्या ओझ्याखाली चिरडलेले नसते, त्यालाच भरपाई करण्याचे बळ राहते.

याहून घातक एक तिसरी समजूत अद्याप आपल्या घरांतून पूर्णपणे गेलेली नाही. अर्धांगवायू झाला, की "मागच्या जन्मीचे भोग" असे शब्द सहज तोंडून निघतात. मोलिय सीवक या परिव्राजकाने विचारले असता, पित्त, कफ, वात, ऋतुबदल, विषम दिनचर्या, आघात अशा अनेक कारणांनी वेदना उत्पन्न होतात. सर्व वेदना पूर्वकर्मानेच होतात हे म्हणणे चुकीचे आहे, असे तथागतांनी सांगितले. बाबासाहेबांनी तर गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त स्पष्ट शब्दांत नाकारला आणि गोरगरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला व शासनाला टाळता यावी, हाच त्याचा उपयोग आहे, हे दाखवून दिले. आजारी माणसाला त्याच्या आजाराचा आरोपी करणारी शिकवण धम्माची असू शकत नाही.

विहारात कसे शिकवावे?

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात आपल्याकडे ग्रंथवाचन चालते आणि ज्येष्ठ मंडळी त्याला आवर्जून येतात. त्याच वेळी आठवड्यातून एकदा, वाचनानंतर अर्धा-पाऊण तास या शिक्षणासाठी ठेवता येईल. आठ-दहा जणांचा गट पुरे.

बसणे खुर्चीवर असावे, पाय जमिनीला टेकलेले. दीर्घ ध्यानाचा आग्रह नको. दहा मिनिटांचे आनापान पुष्कळ झाले. वाटल्यास एक हात छातीवर ठेवावा. शिकविणाऱ्याने मोठ्याने, सावकाश आणि ओठ दिसतील असे समोर तोंड करून बोलावे.

यानंतर दोन बाण वेगळे करण्याचा अभ्यास घ्यावा. "गुडघा दुखतो आहे" हे पहिल्या बाणाचे वाक्य. "मी निकामी झालो" हे दुसऱ्याचे. प्रत्येकाने आठवड्यातील आपले एक वाक्य सांगावे आणि ते कोणत्या बाणाचे, हे सर्वांनी मिळून ठरवावे. यात बरेचदा हसूही येते, आणि ते हितकारक असते.

तिसरी पायरी निर्णायक आहे. विचारावे : "बाबा, हेच तुमच्या जुन्या सहकाऱ्याच्या बाबतीत घडले असते, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता?" उत्तर तत्काळ येते, आणि ते मायेचे असते. मग म्हणावे, "आता तेच वाक्य स्वतःला सांगा." येथे बहुतेक जण गप्प होतात. त्या शांततेला घाई करू नये. विसुद्धिमग्गाचा क्रम स्वतःपासून असला, तरी ज्यांना तो जड जातो त्यांच्यासाठी नातवापासून किंवा उपकारकर्त्यापासून आरंभ करून मग स्वतःकडे वळण्यास हरकत नाही.

मैत्रीची वाक्ये ज्याच्या त्याच्या बोलीत असावीत. पाली गाथांचे मोल मोठे आहे. परंतु "बाई, लई राबलीस, आता जरा टेक," हे वाक्य ज्या ठिकाणी पोहोचते, तेथे पुस्तकी मराठी पोहोचत नाही. लिहिता येणाऱ्यांनी स्वतःला पत्र लिहावे. इतरांनी नातवंडांकडून लिहून घ्यावे.

शेवटी एक कृती द्यावी : या आठवड्यात एक मदत मागावयाची, आणि मागताना दिलगिरी व्यक्त करावयाची नाही. ज्यांनी जन्मभर दिलेच, त्यांना घेणे शिकावे लागते.

एक सावधगिरी हवी. मृदुतेचा स्पर्श होताच जुने दुःख अचानक उफाळू शकते; अत्याचाराची, उपासमारीची, अपत्यवियोगाची आठवण येऊ शकते. तेव्हा अभ्यास थांबवावा, डोळे उघडावयास सांगावे, पाणी द्यावे, जवळ बसावे. सांगण्याची सक्ती कुणावरही करू नये.

संघाचे कर्तव्य

येथे एक धोका स्पष्ट केला पाहिजे. आपल्या वृद्धांना आपण स्वमैत्री शिकविली आणि आपले कर्तव्य मात्र विसरलो, तर ती शिकवण ढोंग ठरेल. उपेक्षा सोसावयास लावणारी करुणा ही करुणा नव्हे. सिगालोवाद सुत्तात मुलांची आई-वडिलांप्रती कर्तव्ये सांगितली आहेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने आई-वडिलांना मुलांकडून निर्वाह मागण्याचा हक्क दिला आहे, आणि तो मागण्यात लाज नाही. स्वतःविषयी करुणा असलेला माणूस अन्याय अधिक स्पष्टपणे ओळखतो.

अतिसाराने पीडित, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदांसह स्वतःच्या हातांनी धुतले, आणि ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची करावी, असे भिक्खूसंघाला सांगितले. या आदेशाचा अर्थ विहाराच्या पातळीवर फार व्यावहारिक आहे. खुर्च्यांची रांग कोपऱ्यात नको, पुढे असावी. वंदनेचे पुस्तक मोठ्या टायपात हवे. पायऱ्यांना कठडा हवा. आणि दोन आठवडे न दिसलेल्या उपासकाच्या घरी कुणीतरी गेले पाहिजे.

तसेच, दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली उदासी, झोप व अन्न तुटणे, मरणाची भाषा, ही वयाची लक्षणे नव्हेत. डॉक्टरांकडे नेणे हीच तेथे करुणा. थायरॉइडचा विकार, जीवनसत्त्वाची उणीव, एखादे औषध, यांमुळेही मन खचते. शासनाची मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही दूरध्वनी सेवा आहे; हे आकडे विहाराच्या फलकावर असावेत.

स्वयंदीप आणि जुनी गाडी

स्वयंदीप होण्याच्या तथागतांच्या आदेशावर आपला स्वाभिमान उभा आहे. तो कोणत्या प्रसंगी दिला गेला, हे मात्र आपण क्वचित आठवतो. वेळुवग्रामातील वर्षावासात तथागत मरणप्राय आजारातून उठले होते. त्या वेळी त्यांनी आनंदांना आपले वय ऐंशी झाल्याचे सांगितले आणि आपल्या देहाला, दोऱ्या-पट्ट्या बांधून कशीबशी चालविलेल्या जुन्या गाडीची उपमा दिली. त्याला लागूनच स्वयंदीप होण्याचा उपदेश आला. म्हणजे थकवा मान्य करणे आणि स्वावलंबी असणे, यांत तथागतांना विरोध दिसला नाही. आणि हे ते सांगत होते ते आपली सेवा करणाऱ्या आनंदांनाच.

ती अडखळलेली उपासिका पुन्हा विहारात यावी, यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतील. कुणीतरी तिच्या घरी जाऊन, "ताई, तुमच्याशिवाय वंदना अपुरी वाटते," असे म्हणावे लागेल. आणि तिने स्वतःला म्हणावे लागेल, "विसरले, तर विसरले. माणूसच आहे मी." पहिले वाक्य आपल्या हाती आहे. दुसरे तिला शिकविणे, हेही.